हलत्या चित्रांची पारदर्शक पार्श्वभूमी : रीती आणि विवेक

शाळेच्या फळ्यावरील आणि छापील पानावरील चित्राची पार्श्वभूमी आधीच ठरलेली असते. फळा काळा, कागद पांढरा, हे चित्र काढणाऱ्यास ठाऊक असते व त्यानुसार तो खडूचा वा शाईचा रंग निवडतो. संकेतस्थळावर ठेवावयाच्या चित्राची स्थिती निराळी आहे. ते कोणत्या रंगाच्या पानावर, केवढ्या पडद्यावर आणि कोणत्या प्रकाशात पाहिले जाईल, हे काढणाऱ्यास निश्चित सांगता येत नाही.

ग्रामपंचायती, शाळा, ग्रंथालये आणि शासकीय खाती यांची माहिती आता मोठ्या प्रमाणावर मोबाइल फोनच्या पडद्यावर वाचली जाते. या माहितीच्या जोडीला लहान हलती चित्रे देण्याचा प्रघातही रूढ झाला आहे. हात कसे धुवावेत, मतदान यंत्रावरील बटण कसे दाबावे, बी कसे रुजते, अशा गोष्टी शब्दांपेक्षा हलत्या चित्रातून लवकर समजतात. परंतु पुष्कळदा असे दिसते की, पान फिकट हिरवे वा निळसर असते आणि त्यावरील चित्राभोवती मात्र पांढरा चौकोन उमटलेला असतो. हा चौकोन केवळ दृष्टीला खटकतो असे नाही, तर काही वेळा तो शेजारचा मजकूरही झाकून टाकतो. यावरचा उपाय म्हणजे चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक करणे. ती कशी करावी, करताना कोणते दोष संभवतात आणि कोणत्या प्रसंगी ती मुळीच करू नये, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुनी कल्पना, नवे साधन

हलणारी आकृती आणि स्थिर पार्श्वभूमी यांना वेगळे ठेवण्याची कल्पना संगणकाच्या पूर्वीची आहे. चित्रपटात एका सेकंदास २४ चौकटी या हिशेबाने एका मिनिटास १,४४० चौकटी होतात. प्रत्येक चौकटीसाठी घर, झाड आणि डोंगर नव्याने काढावयाचे म्हटल्यास त्या श्रमांना अंत राहिला नसता. अमेरिकेतील अर्ल हर्ड यांनी १९१४ साली सेल्युलॉइडच्या पारदर्शक तक्त्यांवर आकृती काढण्याची पद्धती पुढे आणली. पार्श्वभूमीचे चित्र एकदाच काढावयाचे, त्यावर पारदर्शक तक्ता ठेवावयाचा आणि तक्त्यावरील आकृती तेवढी बदलत जावयाची, असे या पद्धतीचे स्वरूप होते. आकृतीखेरीज तक्त्याचा उरलेला भाग मोकळा असल्याने त्यातून खालचे दृश्य दिसत राही.

हाताने काढलेल्या हलत्या चित्रांतून लोकशिक्षण साधता येते, याचा अनुभव आपल्या देशानेही घेतला आहे. विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ सालचा बोधपट दूरदर्शनद्वारे घरोघरी पोहोचला. थोडक्या रेषा, मोजके रंग आणि एकच विचार, ही अशा चित्रांची शक्ती होय. संगणकावर लहान हलते चित्र तयार करणाऱ्यानेही तीच मर्यादा स्वखुशीने स्वीकारली, तर चित्र अधिक परिणामकारक होते.

जिफची घडण

संकेतस्थळावरील हलत्या चित्रांचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे जिफ. अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखाली हा प्रकार सिद्ध झाला आणि १९८७ साली प्रसिद्ध करण्यात आला. त्या काळी टेलिफोनच्या तारांवरून माहिती अतिशय मंद गतीने जात असे. म्हणून थोड्या जागेत चित्र साठविणे ही पहिली गरज होती. १९८९ साली निघालेल्या सुधारित आवृत्तीत दोन महत्त्वाच्या सोयींची भर पडली. प्रत्येक चौकट किती वेळ दाखवावी, हे सेकंदाच्या शंभराव्या भागांत नोंदविता येऊ लागले. आणि चित्रातील एक रंग पारदर्शक म्हणून जाहीर करता येऊ लागला. पुढे १९९५ साली नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये चौकटींची मालिका पुनःपुन्हा दाखविण्याची सोय केली आणि तेव्हापासून संकेतस्थळांवर हलत्या चित्रांचा प्रसार झपाट्याने झाला.

पारदर्शकतेचे तत्त्व समजण्यासाठी जिफची अंतर्गत रचना थोडी जाणून घेणे आवश्यक आहे. पडद्यावरील प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. जिफमध्ये प्रत्येक ठिपक्याचा रंग पूर्णपणे लिहिलेला नसतो. आरंभी एक रंगतक्ता असतो. त्यात अधिकाधिक २५६ रंग, प्रत्येकी एकेका क्रमांकासह, नोंदलेले असतात. ठिपक्याच्या जागी केवळ त्या रंगाचा क्रमांक लिहिला जातो. मुलांच्या चित्रवहीत आकृतीच्या भागांवर १, २, ३ असे अंक छापलेले असतात आणि खालच्या यादीत १ म्हणजे लाल, २ म्हणजे पिवळा असे दिलेले असते, तसाच हा प्रकार आहे.

आता या यादीतील एखाद्या क्रमांकापुढे ‘येथे काहीच रंगवू नये’ अशी सूचना लिहिली असे समजावे. चित्र दाखविताना संगणक तो क्रमांक आला की ठिपका तसाच सोडून देतो व तेथे मागील पानाचा रंग दिसतो. जिफमधील पारदर्शकता ती एवढीच. रांगोळीच्या छाप्यात जसे भोक असते किंवा नसते, अर्धे भोक असू शकत नाही, तसेच येथेही ठिपका पूर्ण रंगीत असतो किंवा पूर्ण मोकळा असतो. या एका गोष्टीतून पुढील बहुतेक अडचणी उद्भवतात.

एक उदाहरण : खाजन शेतीतील मानस

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक उदाहरण घेऊ. गोव्यातील खाजन जमिनी नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल असतात. बांध घालून त्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या असतात आणि बांधात पाण्याच्या ये-जा करण्यासाठी मानस, म्हणजे दारे असलेला दरवाजा, बसविलेली असते. भरतीच्या वेळी नदीचे पाणी बाहेरून दाब देते व मानशीचे लाकडी दार मिटते. ओहोटीच्या वेळी आतील पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा उंच राहते, त्यामुळे दार उघडते आणि शेतातील जादा पाणी नदीकडे निघून जाते. पूर्वजांच्या या कौशल्याचे वर्णन शब्दांत करता येते. परंतु सहा चौकटींचे हलते चित्र पाहिले, तर चौथीतील विद्यार्थ्यालाही ते चटकन उमगते.

समजा, एखाद्या शिक्षकाने असे चित्र तयार केले आहे. रुंदी ४०० ठिपके, उंची ३०० ठिपके. तपकिरी बांध, काळपट लाकडाचे दार, एका बाजूस नदीचे निळे पाणी, दुसऱ्या बाजूस शेत, बांधावर उभा असलेला पांढराशुभ्र बगळा, आणि ‘भरती’ व ‘ओहोटी’ हे शब्द काळ्या अक्षरांत. बांधाच्या वरची सारी मोकळी जागा पांढरी आहे. शाळेच्या संकेतस्थळाचे पान फिकट हिरवे असल्याने ही पांढरी जागा पारदर्शक करावयाची आहे.

प्रत्यक्ष कृती

या कामासाठी मोफत मिळणारी जिंप ही आज्ञावली पुरेशी आहे. इतर आज्ञावल्यांत सोयींची नावे वेगळी असली, तरी पायऱ्यांचा क्रम साधारणपणे हाच राहतो.

पहिली पायरी. मूळ फाइलची एक प्रत काढून ठेवावी व प्रतीवरच काम करावे. एकदा पुसलेला रंग जतन केलेल्या फाइलमधून परत मिळत नाही.

दुसरी पायरी. जिफ फाइल जिंपमध्ये उघडली असता प्रत्येक चौकट एकावर एक ठेवलेल्या थरांच्या स्वरूपात दिसते. थरांना तेथे ‘लेयर’ म्हणतात. पुष्कळ जिफ फाइलींत जागा वाचविण्यासाठी पहिल्या चौकटीनंतर केवळ बदललेला भाग साठविलेला असतो. अशा तुटक थरांवर काम केल्यास चित्र बिघडते. म्हणून ‘फिल्टर्स’ या यादीतील ‘ॲनिमेशन’ विभागात जाऊन ‘अनऑप्टिमाइझ’ ही आज्ञा द्यावी. तिच्यामुळे प्रत्येक थरात पूर्ण चित्र येते.

तिसरी पायरी. ‘इमेज’ यादीतील ‘मोड’मधून ‘आरजीबी’ निवडावे, म्हणजे रंगांवरील २५६ ची मर्यादा काम संपेपर्यंत दूर होते. त्यानंतर प्रत्येक थरासाठी ‘लेयर’ यादीतील ‘ट्रान्सपरन्सी’ विभागातून ‘ॲड अल्फा चॅनेल’ ही आज्ञा द्यावी. थरात मोकळी जागा राहू शकेल अशी व्यवस्था या आज्ञेने होते. ही आज्ञा दिली नाही, तर पुसलेल्या जागी मोकळीक न राहता दुसराच एखादा रंग भरला जातो.

चौथी पायरी. ‘फझी सिलेक्ट’ हे साधन घेऊन पांढऱ्या मोकळ्या जागेवर एकदा टिचकी द्यावी. एकमेकांना लागून असलेले पांढरे ठिपके निवडले जातात. नंतर ‘डिलीट’ कळ दाबावी. मोकळ्या झालेल्या जागी राखाडी चौकटींचा बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना दिसतो. तो चित्राचा भाग नसून पारदर्शकतेची केवळ खूण होय. हीच क्रिया प्रत्येक थरावर करावी.

पाचवी पायरी. ‘फाइल’ यादीतील ‘एक्सपोर्ट’ आज्ञेने फाइल जिफ प्रकारात जतन करावी. समोर येणाऱ्या तक्त्यात ‘ॲज ॲनिमेशन’ ही खूण करावी, चौकटींमधील अंतर म्हणून ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद द्यावा, आणि चौकटींची विल्हेवाट ‘वन फ्रेम पर लेयर’ अशी निवडावी. या शेवटच्या निवडीचे महत्त्व पुढे स्पष्ट केले आहे.

संभवणारे चार दोष

पहिला दोष म्हणजे नको तो भाग नाहीसा होणे. जिंपमध्ये ‘सिलेक्ट बाय कलर’ असे आणखी एक साधन आहे. ते चित्रातील सर्व पांढरे ठिपके, ते कोठेही असोत, एकदम निवडते. काम लवकर होते म्हणून ते वापरले, तर पार्श्वभूमीबरोबर बांधावरील बगळाही पुसला जातो आणि त्याच्या जागी बगळ्याच्या आकाराचे भोक उरते. लागून असलेले ठिपकेच निवडणारे साधन वापरावे, हा त्यावरचा उपाय. मात्र बगळ्याभोवती गडद रेषा अखंड असली पाहिजे. रेषेत एका ठिपक्याची फट राहिली तरी निवड आत शिरते. याउलट, मानशीच्या दारातील फटीसारख्या बंदिस्त पांढऱ्या जागा या साधनाने आपोआप निवडल्या जात नाहीत. त्या स्वतंत्रपणे निवडाव्या लागतात.

दुसरा दोष म्हणजे आकृतीच्या कडेची पांढरी किनार. संगणकावर तिरपी वा वक्र रेषा पायऱ्यांसारखी दिसू नये म्हणून तिच्या कडेला मिश्र रंगाचे ठिपके भरलेले असतात. तपकिरी बांध आणि पांढरी पार्श्वभूमी यांच्या सीमेवर फिकट तपकिरी ठिपके असतात. पांढरे ठिपके पुसले तरी हे फिकट ठिपके मागे राहतात आणि हिरव्या पानावर बांधाभोवती चुन्याची रेघ ओढल्यासारखे दिसते. जिफमध्ये अर्धा पारदर्शक ठिपका असू शकत नसल्याने हा दोष समूळ जात नाही. पानाचा रंग निश्चित ठाऊक असल्यास चित्र आरंभीच त्या रंगावर काढावे व नंतर तो रंग पुसावा. मागे राहणारे मिश्र ठिपके मग पानाशी मिळून जातात. पानाचा रंग ठाऊक नसल्यास कडा मिश्र न ठेवता स्पष्ट, एकरंगी व गडद रेषेने बांधलेल्या ठेवाव्यात.

तिसरा दोष डागांचा. छायाचित्र किंवा जेपेग प्रकारातील चित्र घेऊन काम केल्यास डोळ्यांना एकसारखा दिसणारा पांढरा रंग वस्तुतः निरनिराळ्या जवळजवळच्या छटांचा बनलेला असतो. त्यातील एकच छटा पुसली गेल्याने पार्श्वभूमीवर ठिकठिकाणी डाग उरतात. निवड करण्याच्या साधनात ‘थ्रेशोल्ड’ नावाची मर्यादा असते. ती थोडी वाढविली म्हणजे जवळच्या छटाही निवडल्या जातात. अतिरेक मात्र टाळावा. कारण मर्यादा फार वाढविल्यास बांधाचा उजळ भागही पांढऱ्यात जमा होतो.

चौथा दोष सर्वांत गंभीर आहे, कारण तो चित्राचा अर्थच बदलतो. जिफमधील प्रत्येक चौकटीबरोबर एक सूचना असते : चौकटीची वेळ संपल्यावर ती तशीच राहू द्यावी, पुसून टाकावी, की तिच्या पूर्वीची स्थिती परत आणावी. फळ्यावर एक आकृती न पुसता तिच्यावरच दुसरी काढावी, किंवा फळा पुसून नव्याने काढावी, असा हा भेद आहे. पार्श्वभूमी पांढरी असताना प्रत्येक चौकट आधीची चौकट पूर्णपणे झाकत असे, त्यामुळे आधीची पुसली काय किंवा राहिली काय, फरक पडत नसे. पार्श्वभूमी पारदर्शक होताच मोकळ्या जागेतून आधीची चौकट दिसू लागते. आपल्या उदाहरणात भरतीच्या चौकटीत नदीचे पाणी उंच चढलेले असते. ती चौकट न पुसता ओहोटीची चौकट वर आली, तर चढलेले निळे पाणी मोकळ्या जागेतून तसेच दिसत राहते. दार उघडते, बाण नदीकडे वळतो, पण नदी काही उतरत नाही. विद्यार्थ्यास मग असे वाटते की, नदी भरलेली असतानाच दार उघडले. म्हणजे ज्या क्रियेपासून शेत राखावयाचे, तीच क्रिया चित्र शिकविते. म्हणून पार्श्वभूमी पारदर्शक करताना प्रत्येक चौकट पुसली जाईल अशी ‘वन फ्रेम पर लेयर’ ही सूचना अवश्य द्यावी.

या शिस्तीची किंमत जागेच्या रूपाने मोजावी लागते. ४०० गुणिले ३०० म्हणजे १,२०,००० ठिपके एका चौकटीत येतात व सहा चौकटींचे ७,२०,००० ठिपके होतात. हलणाऱ्या दाराचा भाग ८० गुणिले ६०, म्हणजे ४,८०० ठिपक्यांचा आहे असे धरल्यास, तो पूर्ण चौकटीचा पंचविसावा हिस्सा ठरतो. केवळ तेवढाच भाग साठविता आला असता तर पुष्कळ जागा वाचली असती. परंतु त्यासाठी आधीची चौकट पडद्यावर राहू द्यावी लागते. जिफ फाइल ठिपक्यांची पुनरावृत्ती ओळखून स्वतःही आकुंचित होते. यास्तव रंग थोडे आणि सपाट ठेवणे, चौकटी मोजक्या ठेवणे व चित्राचा आकार आवश्यक तेवढाच ठेवणे, हे उपाय अधिक श्रेयस्कर होत. जेथे मोबाइलचे जाळे क्षीण असते, तेथील वाचकाला जड चित्राची प्रतीक्षा करावी लागते, याचे भान राखावे.

जिफनंतरचे प्रकार

जिफमध्ये वापरल्या जाणाऱ्या आकुंचन पद्धतीवर युनिसिस या कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस त्यावरून वाद उद्भवला आणि कोणासही मुक्तपणे वापरता येईल असा नवा प्रकार निर्माण करण्याची निकड भासली. त्यातून पीएनजी हा प्रकार जन्मास आला व १९९६ साली त्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अमेरिकेतील ते पेटंट २००३ साली संपुष्टात आले. पीएनजीमध्ये प्रत्येक ठिपक्याला पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या देता येतात. त्यामुळे कडेचे ठिपके अर्धे पारदर्शक राहू शकतात आणि कोणत्याही पानावर पांढरी किनार दिसत नाही.

पीएनजी मुळात स्थिर चित्रांसाठी होता. २००८ साली मोझिलाच्या फायरफॉक्स ब्राउझरने त्याच्या हलत्या रूपाचा, म्हणजे एपीएनजीचा, अंगीकार केला आणि २०२५ साली ते रूप पीएनजीच्या अधिकृत मानकात समाविष्ट झाले. गूगलने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या वेबपी या प्रकारातही पुढे पारदर्शकता व हालचाल या दोन्ही सोयी आल्या. आजचे प्रमुख ब्राउझर हे दोन्ही प्रकार दाखवितात. नवे चित्र तयार करताना त्यांचा विचार करावा. तथापि पूर्वी तयार झालेली असंख्य चित्रे जिफ प्रकारातच आहेत, त्यामुळे जिफची रीत ठाऊक असणे आजही उपयुक्त आहे.

मागचे पान कोणाचे?

येथवर रीतीचा विचार झाला. याहून महत्त्वाचा प्रश्न विवेकाचा आहे. पार्श्वभूमी पारदर्शक करणे म्हणजे ती निवडण्याचा आपला अधिकार सोडून देणे होय. मागे कोणता रंग यावा, हे त्यानंतर पान ठरविते, फोन ठरवितो, आणि पुष्कळदा स्वतः वाचक ठरवितो.

अनेक वाचक डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून फोनवर काळ्या पानाची व्यवस्था ठेवतात. पान काळे व अक्षरे पांढरी, अशी ती व्यवस्था असते. मजकुराची अक्षरे या वेळी आपोआप पांढरी होतात, पण चित्रातील अक्षरे बदलत नाहीत. आपल्या मानशीच्या चित्रातील ‘भरती’ आणि ‘ओहोटी’ ही काळी अक्षरे काळ्या पानात विरून जातात. दार हलते, पाणी चढते-उतरते, बगळाही दिसतो. परंतु कोणती क्रिया भरतीची आणि कोणती ओहोटीची, हे सांगणारे शब्दच नाहीसे होतात. चित्र तयार करणाऱ्या शिक्षकाच्या फोनवर पान पांढरे असल्यास त्यास याची वार्ताही लागत नाही.

पाठातील शब्द नाहीसे झाले तर विद्यार्थी दुसऱ्या दिवशी शिक्षकास विचारू शकतो. परंतु याच रीतीने तयार केलेल्या चित्रात लसीकरणाची तारीख असेल, विहिरीचे पाणी उकळून प्यावे अशी सूचना असेल, अथवा वादळाच्या वेळी संपर्कासाठी दूरध्वनी क्रमांक असेल, तर तो न वाचता येण्याचे परिणाम कोणाला भोगावे लागतील हे सांगणे नको. यास्तव एक नियम पाळणे हितावह आहे : ज्या अक्षरांवर कोणाचे तरी हित अवलंबून आहे, त्यांची पार्श्वभूमी दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये.

या नियमातून पुढील गोष्टी ओघानेच येतात. इशारे, तारखा, क्रमांक व अर्जविषयक सूचना यांच्या चित्रांना स्वतःची भरीव पार्श्वभूमी असावी. आकृती पारदर्शक पार्श्वभूमीवर ठेवावयाची असल्यास तीमधील शब्दांखाली फिकट रंगाची पट्टी द्यावी किंवा अक्षरांभोवती पांढरी कड काढावी. त्याहून उत्तम म्हणजे शब्द चित्रात न लिहिता चित्राखाली मजकूर म्हणून द्यावेत. ते वाचकाच्या पानाप्रमाणे रंग बदलतात, मोठे करून वाचता येतात आणि अंध वाचकांच्या फोनमधील वाचक-आज्ञावली ते मोठ्याने वाचून दाखवू शकते. प्रत्येक चित्रासोबत त्याचा आशय सांगणारे एक-दोन वाक्यांचे पर्यायी वर्णनही नोंदवावे.

हालचालीलाही मर्यादा असावी. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्टून मालिकेतील वेगाने लुकलुकणाऱ्या लाल-निळ्या प्रकाशामुळे सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. संकेतस्थळांच्या सुगम्यतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोणताही भाग एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा चमकू नये, आणि मजकुराच्या शेजारी आपोआप सुरू होणारी हालचाल पाच सेकंदांपेक्षा अधिक चालणार असल्यास ती थांबविण्याची सोय असावी. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ साली प्रथम निघालेली मार्गदर्शक तत्त्वेही सुगम्यतेवर भर देतात, आणि दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने त्या अपेक्षेला बळ दिले आहे. जिफमध्ये मालिका किती वेळा दाखवावी हे नोंदविता येते. भरती-ओहोटीचे चक्र तीनदा दाखवून चित्र स्थिर झाले, तरी पाठाचा हेतू साधतो.

प्रसिद्धीपूर्वी तपासणी

चित्र संकेतस्थळावर ठेवण्यापूर्वी ते चार प्रकारांनी पाहावे. प्रथम पांढऱ्या पानावर, नंतर काळ्या पानावर, त्यानंतर ज्या रंगाच्या पानावर ते बसावयाचे आहे त्यावर, आणि शेवटी कागदावर छापून. पांढऱ्या पानावर बगळ्यासारख्या पांढऱ्या आकृतींच्या कडा ओळखू येतात की नाही, हे समजते. काळ्या पानावर गडद अक्षरे आणि पांढरी किनार यांची परीक्षा होते. प्रत्यक्ष पानावर कडेचे मिश्र ठिपके लक्षात येतात. छापील प्रतीत हालचाल नसते, त्यामुळे एकच चौकट पाहून आशय कळतो का, हे पडताळता येते. चित्र संदेशाद्वारे पाठविताना कधीकधी त्याचा प्रकार बदलतो व मोकळ्या जागी काळा किंवा पांढरा रंग भरला जातो. या तपासणीत टिकलेले चित्र त्या प्रसंगीही वाचता येते.

ही तपासणी शक्यतो चित्र काढणाऱ्याने एकट्याने करू नये. त्यास आशय आधीच ठाऊक असल्याने नाहीसे झालेले शब्दही तो मनाने वाचतो. चित्र पूर्वी न पाहिलेल्या व्यक्तीच्या हाती तिचाच फोन देऊन, तीत काय सांगितले आहे हे तिच्याकडून ऐकावे. ते उत्तर बरोबर आले म्हणजे चित्र प्रसिद्धीस योग्य झाले असे समजावे.

स्वाध्याय

१. जिफ चित्रात अर्धा पारदर्शक ठिपका का असू शकत नाही, हे रांगोळीच्या छाप्याच्या आधारे स्पष्ट करा.

२. मानशीच्या चित्रात चौकटी पुसण्याची सूचना दिली नाही, तर विद्यार्थ्याचा कोणता गैरसमज होईल?

३. ३०० ठिपके रुंद व २०० ठिपके उंच अशा आठ चौकटींच्या चित्रात एकंदर किती ठिपके येतील?

४. आपल्या गावच्या वा शाळेच्या संकेतस्थळावरील तीन चित्रे पांढऱ्या व काळ्या अशा दोन्ही पानांवर पाहा. त्यांतील कोणते शब्द काळ्या पानावर वाचता येत नाहीत, ते टिपून घ्या आणि संबंधितांच्या नजरेस आणा.